आउटबोर्ड मशीन पाणी मारत नाही किंवा तापते, तेव्हा काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

आउटबोर्ड मशीनच्या (होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या) बाजूने पडणारी पाण्याची धार बारीक झाली किंवा बंद पडली, की आपल्याकडे दोनपैकी एक गोष्ट हमखास होते. एक तर ‘थोडी येते आहे ना, मग बंदर गाठू’ असे म्हणून मशीन तसेच दामटले जाते, नाहीतर किनाऱ्याला लागल्याबरोबर खालचा भाग उतरवून नवा इम्पेलर (पंपातील पाणी ढकलणारे रबरी चाक) बसवला जातो. पहिल्या प्रकारात हेड (सिलिंडरवरचे धातूचे झाकण) वाकडे होण्याची आणि त्याखालचे गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पातळ चकती) जाण्याची पाळी येते. दुसऱ्या प्रकारात पैसे खर्च होऊनही धार पुन्हा तेवढीच बारीक राहते, कारण दोष पंपात नसून धारेच्या नळीत बसलेल्या मातीत असतो. मनोरी, मालाड, माहीम किंवा ठाण्याच्या खाडीत चालणाऱ्या होड्यांच्या बाबतीत गाळ आणि प्लास्टिक ही दोन कारणे इतकी नित्याची आहेत, की त्यांची खात्री केल्याशिवाय पान्याला हात लावू नये. तपासणी बाहेरून आत आणि बिनखर्चाच्या कामाकडून खर्चाच्या कामाकडे जावी. खालील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

पाणी कोणत्या वाटेने जाते

मशीन ज्या पाण्यात उभे असते, तेच पाणी ओढून ते स्वतःला थंड ठेवते. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पुढे गिअरकेसच्या, म्हणजे मशीनच्या पाण्यातील खालच्या भागाच्या, दोन्ही बाजूंना असलेल्या जाळ्यांतून पाणी आत शिरते आणि गिअरकेसच्या माथ्यावर, इंजिनाची गती खाली नेणाऱ्या उभ्या दांड्यावर (ड्राइव्ह शाफ्टवर) बसवलेला रबरी इम्पेलर ते तांब्याच्या किंवा प्लास्टिकच्या नळीतून वर ढकलतो. तेथून ते ब्लॉक आणि हेडमधून फिरते, थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी झडप) उघडला की पुढे सरकते आणि शेवटी धुराबरोबर खाली निघून जाते. बाजूने दिसणारी धार ही या प्रवाहाची एक छोटी फांदी असते, आणि अनेक मशीनांत ती थर्मोस्टॅटच्या अलीकडूनच फुटते. त्यामुळे थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असला तरी धार जोरदार दिसू शकते. उलट, धारेचे भोक बुजले तर आत भरपूर पाणी फिरत असूनही बाहेर थेंब पडत नाही. धार हा पहिला इशारा आहे. निदान तेवढ्यावरून करू नये.

टप्पा १ : पाण्यावर असतानाच करायची कामे

१. धार बंद दिसली, भोंगा वाजला, रंग जळल्याचा वास आला किंवा धुराबरोबर वाफ येऊ लागली, तर गती कमी करा, होडी वाहतुकीच्या वाटेतून बाजूला घ्या आणि मशीन बंद करा. खडकाजवळ किंवा प्रवाहात असाल, तर आधी नांगर टाका. ओहोटीच्या ओढीत बंद मशीन घेऊन उभे राहणे हा दुसराच धोका आहे.

२. किल स्विचची (मशीन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून मशीन वर उचला आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्या पाहा. दुधाच्या पिशवीचा पारदर्शक तुकडा ओल्या जाळीवर असा चिकटतो, की वरून पाहिल्यास जाळी मोकळीच वाटते; म्हणून नुसते पाहू नका, बोट फिरवा.

३. अडथळा काढल्यावर मशीन खाली सोडून सुरू करा आणि धारेकडे पाहा. अर्ध्या मिनिटात धार आली नाही तर पुन्हा बंद करा. धार आली, तरी मंद गतीने परता आणि वाटेभर तिच्यावर नजर ठेवा.

इशारा : तापलेल्या मशीनचे झाकण उघडून हेडवर बादलीभर पाणी ओतू नका. गरम ॲल्युमिनियमवर एकदम थंड पाणी पडले की हेड वाकते किंवा तडकते. ते आपोआप निवू द्यावे, त्याला वेळ लागतो.

तपासणी : भोंगा केवळ तापमानासाठीच वाजतो असे नाही. अनेक मशीनांत ऑइल कमी झाल्यावर किंवा ऑइलचा दाब उतरल्यावरही तोच भोंगा वाजतो. म्हणून पाण्याच्या मागे लागण्यापूर्वी ऑइलची पातळी पाहून घ्या. लहान जुन्या टू-स्ट्रोक मशीनांना बहुधा भोंगाच नसतो. तेथे धार, वास आणि आवाज एवढ्यावरच भिस्त असते.

टप्पा २ : लक्षण नेमके लिहून ठेवा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात आणि म्हणूनच पुढची सारी मेहनत अंदाजावर चालते. मशीन कोणत्या गतीला तापते, हे कळले की निम्मे निदान झाले.

मंद गतीला धार मरगळते आणि गती वाढवली की सुधारते, तर संशय इम्पेलरवर घ्यावा. मंद गतीला इम्पेलरची पाती पंपाच्या घराच्या भिंतीला घासत पाणी ढकलतात. पाती झिजलेली किंवा एका बाजूला कायमची वाकलेली असतील, तर फट पडते आणि दाब उतरतो. गती वाढली की फिरण्याच्या जोरावर पाणी बाहेर फेकले जाते व दोष झाकला जातो.

मंद गतीला सर्व ठीक, पण जोरात चालवल्यावर तापते, तर वाटेत कुठेतरी गळा आवळलेला आहे: अर्धी बुजलेली जाळी, आतल्या पोकळीत बसलेला क्षाराचा किंवा वाळूचा थर, पुरता न उघडणारा थर्मोस्टॅट, किंवा मशीन उंच बसल्यामुळे पाण्याबरोबर ओढली जाणारी हवा. काही मोठ्या मशीनांत जास्त गतीला उघडणारा दाबाचा व्हॉल्व्हही असतो. तो बंद अवस्थेत अडकला तरी हेच लक्षण दिसते.

धार जोरदार आणि तरीही हेड तापते, तर थर्मोस्टॅट किंवा आतले मार्ग आधी पाहा. धार अजिबात नाही आणि हेड मात्र नेहमीइतकेच गरम, तर धारेचे भोक बुजले आहे असे समजून पुढे चला.

टप्पा ३ : बाहेरची तपासणी

१. धारेच्या भोकात नायलॉनची जाडसर तंगूस हळूहळू सरकवा आणि मागेपुढे फिरवा. सायकलच्या ताराने किंवा खिळ्याने टोचू नका, त्याने तोटी चिरते आणि आतली रबरी नळी फाटते. शक्य असल्यास झाकण काढून ही बारीक नळी तिच्या तोटीपासून सोडवा आणि तिच्यातून पाणी मारून पाहा. वाळूचे कण तिच्या वळणावर बसतात. जून आणि जुलैच्या मासेमारीबंदीत किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या मशीनच्या या भोकात कुंभारीण माशी मातीचे घर करते. ते सुकले की दगडासारखे होते, म्हणून आधी गोड्या पाण्याने भिजवून मगच काढावे.

२. जाळ्या काढता येण्याजोग्या असतील तर काढून मागची पोकळी धुवा. मशीन सतत पाण्यात बुडवून ठेवले जात असेल, तर या पोकळीत कवचाचे जीव वाढतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जाळीवर रंगाचे हात चढवून भोके बुजवण्याचा उद्योगही अनेक ठिकाणी झालेला आढळतो.

३. मशीनची उंची पाहा. पंख्याच्या लगेच वर असलेली आडवी प्लेट साधारणपणे होडीच्या बुडाच्या पातळीत किंवा त्याहून सुमारे २५ मिलिमीटर खाली असावी. मागची फळी उंच आणि मशीन ३८१ मिलिमीटरच्या, म्हणजे १५ इंची शाफ्टचे, अशी जोडी असेल, तर लाटेवर जाळ्या उघड्या पडून पंप हवा ओढतो. अशा होडीला ५०८ मिलिमीटरचे, म्हणजे २० इंची शाफ्टचे मशीन लागते. येथे कितीही इम्पेलर बदलले तरी उपयोग होत नाही.

४. चिखलातून मशीन रेटत नेण्याची सवय असेल, तर ती आधी थांबवा. मुंबईत मोठ्या भरतीओहोटीला पाण्याच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो, आणि ओहोटीला खाडीच्या तोंडाशी उरलेल्या गढूळ पाण्यातून जाताना पंप अक्षरशः वाळू दळत असतो. शेवटचा पट्टा मशीन उचलून वल्ह्याने किंवा काठीने काढावा.

टप्पा ४ : पिंपातील चाचणी

बाहेरचे अडथळे दूर झाल्यावर मशीन गोड्या पाण्यावर चालवून पाहावे. पाण्याच्या नळाला जोडायचे रबरी कान जाळ्यांवर बसवून ही चाचणी करण्याची पद्धत सर्रास आहे, पण त्यात एक खोट आहे. नळाच्या दाबामुळेच पाणी झिजलेल्या इम्पेलरच्या फटीतून वर चढू शकते आणि निकामी पंपही धडधाकट भासतो. म्हणून पिंप बरे.

१. उघड्या जागी मजबूत स्टँडवर मशीन बसवा आणि २०० लिटरच्या पिंपात ते असे उतरवा, की पाण्याची पातळी आडव्या प्लेटच्या वर निदान वीतभर राहील. पंप या प्लेटच्या थोडाच वर असतो. पाणी कमी भरले तर तो कोरडा फिरतो.

२. पंखा काढून ठेवा, मशीन न्यूट्रलमध्ये ठेवा आणि फक्त मंद गतीने चालवा.

३. धार किती वेळाने आली, किती जोराची आहे आणि पाच ते दहा मिनिटांनी तिचे पाणी कोमट लागते का, हे नोंदवा. तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन मिळाली तर हेडचे तापमान एकाच ठिकाणी दर दोन मिनिटांनी घ्या. ते वाढत जाऊन एका आकड्याच्या आसपास स्थिरावले पाहिजे. नुसते वाढतच राहिले तर मशीन बंद करा.

इशारा : ‘दोनच सेकंद, फक्त सुरू होते का बघतो’ म्हणून मशीन कोरडे चालवू नका. इम्पेलरला वंगण पाण्याचेच असते. ते नसेल तर रबर काही सेकंदांत तापून खराब होऊ लागते. बंद खोलीत किंवा गाळ्याचे शटर ओढून चाचणी घेणे तर जिवावर बेतू शकते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

टप्पा ५ : थर्मोस्टॅट

लक्षणे थर्मोस्टॅटकडे बोट दाखवत असतील, तर इम्पेलरच्या आधी हेच काम करावे, कारण ते वरच्या वर होते.

१. मशीन पूर्ण निवल्यावर थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट सैल करा. समुद्राच्या क्षारामुळे स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये चिकटून बसतात. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा, आणि बोल्ट हलत नसेल तर जोर न लावता थोडा आवळून मग सोडवा. मोडलेला बोल्ट काढण्याचा खर्च थर्मोस्टॅटच्या कित्येक पट असतो.

२. थर्मोस्टॅट कोणत्या बाजूने बसला होता त्याचा फोटो घ्या. सहसा स्प्रिंगची बाजू मशीनच्या आत असते.

३. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगा, की तो बुडाला टेकणार नाही. बूड पाण्यापेक्षा जास्त गरम असते आणि आकडा चुकतो. शेजारी थर्मामीटर धरून मंद आचेवर पाणी तापवा. उघडण्याचे तापमान बहुधा थर्मोस्टॅटवरच कोरलेले असते; आउटबोर्ड मशीनांत ते बऱ्याचदा ५० ते ६२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. त्या आकड्याच्या आसपास तो हलू लागला पाहिजे, थोड्या अंशांनी पुरता उघडला पाहिजे आणि निवल्यावर घट्ट मिटला पाहिजे. यांपैकी एकही गोष्ट चुकली तर तो बदला.

४. बैठकीवरील पांढरा थर लाकडी काडीने खरवडून, नवे गॅस्केट घालून झाकण बसवा.

थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला धक्क्यावर हमखास मिळतो. तो मानू नये. मशीन मग गरजेपेक्षा थंड चालते, पेट्रोल नीट जळत नाही, फोर-स्ट्रोकमध्ये न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि मूळ दोष मात्र झाकलेलाच राहतो.

टप्पा ६ : इम्पेलर काढणे

आधी तयारी. मशीनच्या ब्रॅकेटवरील पट्टीवरून मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि त्याच क्रमांकाचे पंप किट आणा, ज्यात इम्पेलर, चावी (इम्पेलर शाफ्टवर पक्का धरणारा धातूचा छोटा तुकडा), गॅस्केट आणि शक्यतो खालची स्टीलची प्लेटही असेल. मुंबईतील नागदेवी स्ट्रीटवर स्टेनलेसचे बोल्ट आणि वॉशर बेलाशक घ्या. इम्पेलर मात्र ‘मापाला बसतो’ म्हणून अंदाजाने घेऊ नये. बॅटरी सोडवा, स्पार्क प्लगच्या कॅप काढा.

१. गिअर कोणत्या स्थितीत ठेवून खालचा भाग उतरवायचा, हे मॉडेलनुसार बदलते. पुस्तिका पाहून तीच स्थिती ठेवा आणि ती लिहून ठेवा.

२. पंख्याच्या वर झिंकचा किंवा ॲल्युमिनियमचा छोटा पंख असेल, तर त्याच्या कोनाची खूण करून तो काढा. काही मशीनांत एक बोल्ट त्याच्याखाली लपलेला असतो, आणि तो न काढताच खालचा भाग ठोकून उतरवण्याच्या नादात गिअरकेस फुटते.

३. बाकीचे बोल्ट काढून, एका माणसाला खाली आधार द्यायला सांगून, भाग सरळ खाली ओढा. गिअरच्या दांड्याचा जोड कुठे सुटतो तेही पाहून ठेवा.

४. पंपाचे घर उघडा आणि प्रत्येक भाग निघालेल्या क्रमाने फडक्यावर मांडत जा. चावी इवलीशी असते व हमखास वाळूत पडते.

आता इम्पेलर तळहातावर घेऊन नीट पाहा. नव्या इम्पेलरची पाती केंद्रापासून सरळ बाहेर येतात. जुन्याची पाती सगळी एकाच बाजूला झुकलेली असतील आणि मोकळी ठेवून दहा मिनिटांनीही सरळ होत नसतील, तर त्यांत जीव उरलेला नाही. पात्यांच्या मुळाशी नखाने वाकवून चिरा शोधा. मधली पितळी बुशी एका हाताने धरून रबर फिरवून पाहा. बुशी सुटली असेल तर शाफ्ट फिरतो आणि इम्पेलर जागीच राहतो, वरून मात्र काहीच कळत नाही. घराच्या आतल्या स्टीलच्या कपावर आणि खालच्या प्लेटवर नख फिरवा; नख अडकेल इतक्या चरा पडल्या असतील, तर नवा इम्पेलरही दाब धरणार नाही. घराचे प्लास्टिक वितळलेले दिसले, तर मशीन केव्हातरी कोरडे चालले आहे.

तपासणी : पाती मोजा. एखाद्याचा तुकडा गायब असेल, तर तो वरच्या नळीत किंवा ब्लॉकमध्ये गेला आहे आणि तो शोधल्याशिवाय काम संपत नाही. थर्मोस्टॅट काढून त्या जागेतून गोड्या पाण्याची नळी लावा आणि पाणी उलट दिशेने खाली सोडा. वाळू, क्षाराचे पापुद्रे आणि रबराचे तुकडे बरेचदा याच धुण्यात बाहेर पडतात.

टप्पा ७ : जोडणी

१. प्लेट, गॅस्केट, चावी आणि इम्पेलर त्यांच्या क्रमाने बसवा. घराच्या आत साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन लावा, म्हणजे पहिल्या काही फेऱ्यांत रबर कोरडे घासणार नाही.

२. घर खाली दाबताना ड्राइव्ह शाफ्ट वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत राहा. बहुतेक आउटबोर्ड मशीने याच दिशेने फिरतात. त्यामुळे पाती योग्य बाजूला वळून आत जातात. नंतर शाफ्ट उलटा फिरवू नका.

३. शाफ्टच्या खाचांवर मरीन ग्रीसचा पातळ हात द्या, पण वरच्या टोकावर ग्रीसचा गोळा ठेवू नका. तो आत दाबला जाऊन शाफ्टला पूर्ण बसू देत नाही.

४. भाग वर चढवताना तीन गोष्टी एकाच वेळी जुळवाव्या लागतात: शाफ्ट, गिअरचा दांडा आणि पाण्याची नळी. पहिल्या दोन जुळल्या नाहीत तर भाग वर चढतच नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. नळी मात्र तिच्या रबरी सीलच्या बाजूला सरकली तरी बोल्ट आवळले जातात. नवा इम्पेलर घालूनही धार येत नाही, त्याचे सर्वांत नित्याचे कारण हेच आहे. आरसा व टॉर्च घेऊन नळी सीलमध्ये शिरताना पाहा.

इशारा : शेवटचे बोटभर अंतर बोल्ट आवळून भरून काढू नका. भाग हाताने पूर्ण बसला पाहिजे. बसत नसेल तर पंख्याचा शाफ्ट किंचित फिरवून खाचा जुळवा.

तपासणी : किल स्विचची दोरी काढलेली ठेवूनच गिअर पुढे, न्यूट्रल आणि मागे टाकून पाहा आणि पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक स्थितीची खात्री करा. न्यूट्रलमध्ये तो मोकळा फिरला पाहिजे. मगच मशीन पुन्हा पिंपात उतरवून टप्पा ४ मधील चाचणी करा आणि आधीच्या नोंदींशी ताडून पाहा.

टप्पा ८ : तरीही तापत असेल तर

जाळ्या मोकळ्या, पंप नवा, थर्मोस्टॅट चांगला आणि तरीही जोरात चालवल्यावर तापते, तर आतील पोकळ्यांत क्षार साठला आहे असे धरावे. नुसते मीठ गोड्या पाण्यात विरघळते. तापलेल्या भिंतींवर बसणारा चुन्याचा कठीण थर तसा विरघळत नाही; त्यासाठी पांढरे व्हिनेगर किंवा मशीन बनवणाऱ्यांनी सुचवलेले द्रावण वापरून नंतर भरपूर पाण्याने धुवावे. फरशी धुण्याचे ॲसिड मात्र चुकूनही वापरू नका. ते चुना खाते आणि त्याचबरोबर ॲल्युमिनियमही खाते, आणि पातळ झालेली भिंत पुढच्या हंगामात फुटते.

रोजचे धुणे पाच-दहा मिनिटांचे असते. कोळीवाड्यात पाण्याची ओढाताण असली, तरी एक पिंप पाणी काही फेऱ्यांना पुरते. ते खारट लागू लागले की बदलावे. मशीनला धुण्याची वेगळी तोटी असेल, तर ती मशीन चालू ठेवून वापरायची की बंद ठेवून, हे पुस्तिकेत पाहावे. धुऊन झाल्यावर मशीन उभे ठेवून आतले पाणी निथळू द्यावे.

इम्पेलर पावसाळ्याच्या बंदीच्या काळात, नारळी पौर्णिमेच्या बराच आधी, बदलून घेणे सोयीचे पडते, कारण हंगाम तोंडावर आला की सुटे भाग आणि मिस्त्री दोन्ही मिळेनासे होतात. गाळातून रोज ये-जा असेल तर वर्षभर थांबू नये, मधे एकदा उघडून पाहावा.

स्पार्क प्लगवर पाण्याचे थेंब, फोर-स्ट्रोकच्या ऑइलला दुधाळ रंग, किंवा दोन सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये ठळक फरक दिसला, तर हेड गॅस्केट गेले आहे असे समजा आणि मशीन पुन्हा सुरू करू नका. हेड उतरवून सपाटी तपासण्याचे काम वर्कशॉपचे आहे. तेथे देताना टप्पा २ मधील नोंदी, तापमानाचे आकडे आणि काढलेला जुना इम्पेलर सोबत द्या, म्हणजे मिस्त्रीला आधी झालेली कामे पुन्हा करावी लागणार नाहीत.